वाचल्याशिवाय शिक्का नाही

सत्तरी ओलांडलेला एक माणूस लायब्ररीत खिडकीजवळच्या खुर्चीवर बसून गर्भवतीने पाचव्या महिन्यात काय खावं हे वाचत होता आणि मधूनमधून पेन्सिलीने टिपण काढत होता. बोंद्रे काकांना मी पहिल्यांदा पाहिलं ते असं.

पुस्तकाला खाकी कव्हर वगैरे घातलेलं नव्हतं. मुखपृष्ठावरची बाई पोटावर हात ठेवून सगळ्या वाचनालयाकडे बघून हसत होती. शेजारी पेपर वाचणारे सरदारजी आपला पेपर जरा वर धरून बसले होते. काकांना त्याचं काही नव्हतं. त्यांनी शेवटचं पान संपवलं, पुस्तक मिटलं, काउंटरवर गेले आणि म्हणाले, "हरप्रीत जी, हो गया. लगाइए."

हरप्रीत मॅडमनी तारखेचा शिक्का उचलला आणि पुस्तकाच्या मागच्या कागदावर ठप्प करून मारला. काकांनी शाई वाळेपर्यंत फुंकर घातली. मग दुसरं पुस्तक घेतलं. ते लहान मुलांच्या स्वेटरच्या विणकामाचं होतं.

मला वाटलं, आजोबा होणार असतील. चंदीगडला लागून असलेल्या झिरकपूरला आमच्या सोसायटीतल्या मराठी बायकांना मात्र त्याहून बरंच काही वाटत होतं. त्यातल्या एकीने काकांना सरकारी दवाखान्यात स्त्रीरोगाच्या ओपीडीत, बायकांच्या रांगेत, हातात केसपेपर घेऊन उभं असलेलं पाहिलं होतं. "या वयात, आणि एकटे," एवढंच ती म्हणायची आणि पुढचं वाक्य समोरच्या बाईवर सोडून द्यायची. समोरची बाई ते आवडीने पुरं करायची.

खरी गोष्ट अशी होती. आमच्या त्या लायब्ररीत मराठी पुस्तकांचं एक कपाट आहे. चंदीगडला मराठी माणूस येतो तो बदलीवर: फौजेतला, एअर फोर्समधला, नाहीतर माझ्या वडिलांसारखा केंद्र सरकारच्या कचेरीतला. तीन वर्षांनी पुन्हा बदली. सामान बांधायच्या दिवशी माणसाचं साहित्यप्रेम वजनावर येतं. मिक्सर जातो, गाद्या जातात, पुस्तकं राहतात. तशी मागे राहिलेली पुस्तकं गोळा होऊन ते कपाट झालं. पहिल्या पानावर देणाऱ्याचं नाव, गाव आणि चंदीगड सोडल्याची तारीख. हा नियम काकांचा. ते पंचेचाळीस वर्षांपूर्वी कोल्हापूरहून सेक्टर तीसमधल्या सरकारी प्रयोगशाळेत नोकरीला आले आणि इथेच राहिले. बाकी सगळे येऊन गेले.

मागच्या सप्टेंबरात लायब्ररीच्या दारावर नोटीस लागली. ज्या पुस्तकावर तीन वर्षांत एकदाही शिक्का पडलेला नाही, ते मार्चअखेरच्या तपासणीत काढून टाकलं जाईल. हिंदी, पंजाबी, इंग्रजी पुस्तकं कंप्युटरवर चढली आहेत, त्यांची नोंद बटणावर दिसते. मराठी पुस्तकं चढलेली नाहीत, कारण चढवणाऱ्या कुणालाच ती वाचता येत नाहीत. त्यामुळे त्यांचं मरणजगणं मागच्या कागदावरच्या शिक्क्यावर.

कपाटात पुस्तकं एकशे बेचाळीस. बिनशिक्क्याची त्र्याण्णव.

हरप्रीत मॅडम चांगल्या बाई. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "सर जी, मैं सब पे ठप्पा लगा देती हूँ. दस मिनट का काम है."

काकांनी शाईचा डबा मिटला आणि कोटाच्या खिशात टाकला. दोन दिवस लायब्ररीतून कुठल्याच भाषेतलं पुस्तक घरी जाऊ शकलं नाही.

"पोरी, मी तेहतीस वर्षं उपकरणं तपासली," ते मला नंतर म्हणाले. "थर्मामीटर, काटे, दाबमापक. शिक्का म्हणजे काय? शिक्का म्हणजे कुणीतरी बघितलंय. न बघता मारला तर ती नुसती शाई."

म्हणून ते त्र्याण्णव पुस्तकं वाचायला बसले होते. कार्डावर एका वेळी दोन. नुसती डोळ्यांखालून घालायची नाहीत, तपासायची. पुस्तकात विणकाम असेल तर विणून बघायचं. त्यांच्या गळ्यातला मफलर त्यातूनच आलेला होता आणि मध्यावर जिथे तो अचानक रुंद होतो तिथे चूक पुस्तकाची होती. लायब्ररीच्या पुस्तकात लिहायचं नसतं, म्हणून त्या पानात त्यांनी चिठ्ठी घातली: "इथे ऐंशी नव्हे, बहात्तर टाके. तपासलंय." बाळंतपणाच्या पुस्तकातल्या एका सल्ल्याबद्दल त्यांना शंका आली. म्हणून केसपेपर काढून ते ओपीडीच्या रांगेत उभे राहिले.

"डॉक्टरीण काय म्हणाली?"

"म्हणाली, 'पेशंट कहाँ है?' मी पुस्तक पुढं केलं."

"मग?"

"हसली. पण सांगितलं तिनं. तो सल्ला जुना झालाय. चिठ्ठी लावलीय मी."

"तपासलंय" हा त्यांचा एकच शब्द सगळीकडे चालायचा. चहा आला की एक घोट घेऊन, "तपासलाय, साखर जास्त आहे." जिन्याच्या पायऱ्या, बसची वेळ, हरप्रीत मॅडमच्या भिंतीवरचं घड्याळ, सगळं तपासलेलं. फक्त स्वतःला ते तपासायचे नाहीत. रक्तदाब मोजायचं यंत्र पिशवीत घेऊन यायचे, पट्टा स्वतः बांधायचे आणि आकडा वाचायला शेजारच्या सरदारजींना सांगायचे. सरदारजी पेपरावरून नजर काढून सांगायचे, "वन फोर्टी, अंकल जी, फिकर नॉट." मी विचारलं, आकडा समोर दिसतोय, मग स्वतःच का वाचत नाही? काका गंभीर झाले. "आपलं माप आपण घ्यायचं नसतं. तपासणारा दुसरा लागतो."

पुस्तक वाचून झालं की एक काम राहायचं. पहिल्या पानावरच्या नावाला फोन करायचा. लायब्ररीच्या व्हरांड्यात उभं राहून ते जुन्या डायरीतले नंबर फिरवायचे. कुणी जोरहाटला, कुणी बेळगावला, कुणी पुण्यात निवृत्त होऊन बाल्कनीत कोथिंबीर लावत बसलेलं.

"नमस्कार, बोंद्रे बोलतोय, चंदीगडहून. तुमचं पुस्तक ठीक आहे. वाचलं. पान बेचाळीसवर डाग आहे, हळदीचा. तो तुमच्याच वेळचा." मग थोडं थांबून, "बरं, ठेवतो."

एवढाच फोन. अर्ध्या लोकांना आपण पुस्तक दिलं होतं हेच आठवत नसे. एका निवृत्त विंग कमांडरनी "मी कुणालाही ओटीपी सांगणार नाही" असं दोनदा बजावून फोन कापला. काका म्हणाले, "सावध माणूस आहे. चांगलंय."

आता माझं. माझे वडील कर्मचारी संघटनेचे. आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर आधी पत्रकांच्या घड्या व्हायच्या आणि मग ताटं लागायची. अन्याय दिसला की मला कागद लागतो. नोटीस वाचून माझं डोकं फिरलं होतं, आणि ते अजून पुरतं जाग्यावर आलेलं नाही. सार्वजनिक वाचनालय ही शहरातली एकच जागा आहे जिथे दारात कुणी विचारत नाही की तुम्ही काय विकत घेणार. जानेवारीच्या धुक्यात तिथे हीटर असतो. सेक्टर बावीसमध्ये एका खोलीत चौघं राहणारी परीक्षेची पोरं तिथे दिवसभर बसतात. घरकाम करणाऱ्या बाया येतात आणि हरप्रीत मॅडम त्यांचे फॉर्म भरून देतात. अशा जागी पुस्तकाची किंमत ते किती जणांनी मागितलं यावर ठरवायची? एखादं पुस्तक एकाच माणसाला दहा वर्षांतून एकदा लागतं, पण तेव्हा ते लागतंच. हे मी तेव्हाही म्हणत होते, आताही म्हणते.

तर मी पत्रक लिहिलं. मथळा ठळक, वाक्यं पेटलेली. काकांना दाखवलं. त्यांनी पेन्सिल काढली.

"'शेकडो मराठी पुस्तकं धोक्यात.' शेकडो कुठली? त्र्याण्णव. त्यातली पन्नास मी वाचली. त्रेचाळीस लिही."

"काका, पत्रकात असं नसतं लिहायचं."

"'संपूर्ण मराठी समाजात संतापाची लाट.' तू विचारलंस किती जणांना?"

मी कुणालाच विचारलं नव्हतं.

"एक तू संतापलीयस. एक माणूस म्हणजे लाट न्हवं."

मी त्यांचं ऐकलं नाही. पत्रक जसंच्या तसं आमच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं. जोडलेले हात आले, अंगठे आले, एका काकूंनी गुलाबाच्या फुलासकट सुप्रभात पाठवलं. त्या शनिवारी मी कपाटाशी सकाळपासून उभी राहिले. कुणीही आलं नाही. काका शेजारी बसून मुंजीच्या तयारीवरचं एक पुस्तक वाचत होते. त्यांनी मला एका शब्दाने टोचलं नाही, आणि तेच जास्त लागलं.

वर त्यांनी हिशेबही मांडून दाखवला. सव्वीस आठवडे, आठवड्याला तीन पुस्तकं, अठ्ठ्याहत्तर. तब्येत धरली तर. त्र्याण्णवांतून पंधरा उरतात. "पंधरा जातील," ते म्हणाले आणि पुन्हा मुंजीकडे वळले.

वाट दाखवली ती ऋतुजाने. ही नागपूरची, एअर फोर्समधल्या अधिकाऱ्याची बायको. नवरा महिनाभर बाहेरगावी ड्युटीवर, आई सातव्या महिन्याशिवाय येणार नाही. ती काउंटरवर येऊन हरप्रीत मॅडमना हळू आवाजात विचारत होती, मराठीत काही आहे का, आई फोनवर जे सांगते ते नीट कळत नाही, आणि सारखं विचारलं की आई काळजी करते.

"वो अंकल जी से पूछो," हरप्रीत मॅडम म्हणाल्या. "प्रेग्नन्सी का उनको सब पता है."

ऋतुजाने काकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. काका उठलेच होते.

"कितवा महिना?"

"पाचवा," ती कशीबशी म्हणाली.

"पान बावन्न. नाचणी खातेस?"

"इथे नाचणी भेटते कुठे काका? सगळीकडे विचारलं मी."

"मिळते. 'मंडुआ' म्हणून मागायची. सेक्टर बावीस, बस स्टँडच्या बाजूनं आत शिरलीस की तिसरं दुकान. पहिल्या दोघांकडे जुनं पीठ आहे. तपासलंय."

तिने पान उघडलं. त्यात चिठ्ठी होती, दुकानाच्या नकाशासकट. पुढच्या पानात दुसरी, डॉक्टरणीच्या उत्तराची. मग लस, मग सरकारी दवाखान्यात कोणत्या वारी कोणत्या खिडकीवर गर्दी कमी असते. ऋतुजा तिथेच खुर्चीवर बसली आणि चिठ्ठ्या वाचता वाचता तिचे डोळे भरून आले. काका घाबरले. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "अगं, हे त्या पुस्तकात न्हाई. काय करायचं असतं?"

"पाणी द्या," मी म्हटलं.

त्यांनी पाणी आणलं. आधी स्वतः एक घोट पिऊन तपासलं.

त्या दिवशी मी कपाटातली त्यांनी वाचलेली पुस्तकं एकेक करून उघडली. प्रत्येकात चिठ्ठ्या. लोणच्याच्या पुस्तकात: इथली कैरी उशिरा येते, बाजारात कधी बघायची. मुलांच्या गोष्टींच्या पुस्तकात: घरी हिंदीत उत्तर देणाऱ्या पोरांना कुठली गोष्ट मोठ्याने वाचून दाखवली तर ती शेवटी मराठीत भांडतात. बागकामाच्या पुस्तकात: कढीपत्ता इथल्या थंडीत मरतो, डिसेंबरात कुंडी आत घ्यावी. मला वाटत होतं हा माणूस पुस्तकं वाचवतोय. त्याने त्या कपाटात नवख्या माणसासाठी सगळं शहर भरून ठेवलं होतं.

मी दुसरं पत्रक लिहिलं. त्यात एकही विशेषण नव्हतं, नुसते प्रश्न. नाचणी कुठे मिळते? कढीपत्ता का मरतो? बाळाला लस कुठल्या वारी? मुंजीला भटजी कुठून आणायचा? खाली एक ओळ: उत्तरं लायब्ररीतल्या मराठी कपाटात आहेत. काकांनी प्रत्येक प्रश्नाचं उत्तर खरोखर कपाटात आहे याची खात्री केली आणि मग म्हणाले, "आता पाठव."

लोक आले. पहिल्या शनिवारी चौघी, पुढच्या शनिवारी व्हरांड्यात स्कूटर लावायला जागा नव्हती. ज्या बाईने काकांना ओपीडीत पाहिलं होतं तीही आली, कढीपत्त्यासाठी. एका सुभेदारांचा मुलगा बापाला "पापा, मुझे ये वाली चाहिए" म्हणून राक्षसाची गोष्ट घेऊन गेला. काका प्रत्येकाला सांगायचे, वाचून झालं की माझ्याकडे आणा. आणि परत आणलं की विचारायचे, "पान तीसवर काय होतं?" उत्तर आलं तरच हरप्रीत मॅडमना मान हलवायचे. दोन काकूंना त्यांनी पुस्तकं परत वाचायला लावली. त्या चिडल्या, पण घेऊन गेल्या.

तपासणीच्या आदल्या दिवशी, दुपारी, हरप्रीत मॅडम आणि मी यादी घेऊन बसलो. काका त्या दिवशी आले नव्हते. एकेक पुस्तक काढायचं, मागचा कागद बघायचा, खूण करायची. एकशे एक्केचाळीस झाली. एक राहिलं.

ते खालच्या फळीवर, भिंतीकडच्या टोकाला होतं, काकांच्या नेहमीच्या खुर्चीपासून हातभर अंतरावर. पातळ, निळं. नाव 'घरच्या घरी पोहायला शिका'. पहिलं पान उघडलं. देणाऱ्याचं नाव: द. शं. बोंद्रे, कोल्हापूर. चंदीगड सोडल्याची तारीख: रिकामी.

"त्यांनी हेच वाचलं नाही?" मी म्हटलं. "नाकासमोर आहे."

हरप्रीत मॅडमनी पुस्तक उलटून मागचा कागद माझ्यापुढे धरला. शिक्केच शिक्के होते. दर महिन्याला एक, वर्षानुवर्षं, रांगेत, कागदावर कागद चिकटवलेला. सगळ्या शिक्क्यांपुढे एकच कार्ड नंबर. शेवटचा शिक्का तीन वर्षांपूर्वीच्या मार्चमधला.

"ये आंटी जी का नंबर है," त्या म्हणाल्या. "शालन आंटी, सर जी की मिसेज. जब तक थीं, हर महीने आती थीं, यही एक किताब ले जाती थीं. मैं हँसती थी, कि आंटी जी, ये तो आपके घर की ही किताब है. कहती थीं, इनकी किताब है, मैं नहीं ले जाऊँगी तो कौन ले जाएगा."

मला सरदारजी आठवले, आणि रक्तदाबाचा आकडा. आपलं माप आपण घ्यायचं नसतं. सहा महिने त्या माणसाने साऱ्या गावाला पुस्तकं वाचायला लावली आणि या एका पुस्तकासाठी कुणालाही विचारलं नाही.

हरप्रीत मॅडमचा हात शिक्क्याकडे गेला. मी म्हटलं, "थांबा. आधी वाचते."

मी काकांच्याच खुर्चीवर बसले आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं. पुस्तक अत्यंत गंभीरपणे सांगत होतं की नदी, विहीर किंवा तलाव नसला तरी हताश होऊ नये. एका मजबूत लाकडी स्टुलावर पालथं पडून हातपाय मारण्याचा सराव करावा. आकृत्या होत्या. आकृतीतला मिशीवाला माणूस स्टुलावर मोठ्या निर्धाराने पोहत होता. पान एकोणीसवर, त्याच्या पायांवर, तपकिरी रंगाचा मोठा डाग होता.

सव्वातीनला हरप्रीत मॅडमनी शिक्का मारला. मी फुंकर घातली. मग व्हरांड्यात जाऊन नंबर फिरवला.

"बोंद्रे."

"नमस्कार काका. लायब्ररीतून बोलतेय. तुमचं पुस्तक ठीक आहे."

मी हातातलं पुस्तक उघडलं.

"मी वाचलं. सगळं. शिक्का पडलाय. पान एकोणीसवर डाग आहे."

आत सरदारजींनी पेपर उलटल्याचा आवाज आला.

"चहाचा हाय तो," काका म्हणाले. "मी स्टुलावर पालथा होतो. ती चहा घेऊन आली, आणि बघून हसायला लागली. कप हलला."

मी पानावरच्या डागावर बोट ठेवलं.

"लई हसली," ते म्हणाले. मग नेहमीच्या आवाजात, "बरं, ठेवतो."

पण त्यांनी फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही.